महासंगणकाकडे किती मागायचं?

महासंगणक पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या संस्थांसाठी असतो, आपल्याला कोण विचारतो, असा समज अजून ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठातही ऐकू येतो आणि फोंड्यालाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तो बराचसा खरा होता. आज गोव्यातला पीएच.डी.चा विद्यार्थी ब्राउझर उघडून दुसऱ्या राज्यातल्या यंत्रावर काम लावू शकतो आणि पावसात घरची वीज गेली तरी तिकडे काम चालूच राहतं. प्रवेश मिळतो. अडतं ते पुढे, कारण यंत्राचा किती भाग आणि किती वेळ मागायचा हे कोणी शिकवत नाही. वर्षभर माझ्याकडे येणाऱ्या शंकांपैकी बहुतेक याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी खाड्यांवर काम करते. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या, त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, भरतीबरोबर आत शिरणारं खारं पाणी आणि पावसाळ्यात त्याला मागे रेटणारं गोडं पाणी, हे सगळं संगणकावर उभं करायचं. त्यासाठी रोम्स नावाचं समुद्राचं प्रारूप वापरते. तुमचा विषय रसायनशास्त्र, जनुकं किंवा मशीन लर्निंग असेल, तरी पुढचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल.

कुठे काय आहे ते भराभर सांगते. २०१५ साली राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला मंजुरी मिळाली. खर्च ४,५०० कोटी, पैसा विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचा, अंमलबजावणी सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेकडे आणि बेंगळुरूच्या आयआयएससीकडे. बनारसच्या आयआयटीत २०१९ साली 'परम शिवाय' हा महासंगणक बसला, मग पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म', आयआयएससीत २०२२ साली 'परम प्रवेग', आणि २०२४ साली पुणे, दिल्ली व कोलकाता इथे 'परम रुद्र'. फर्मागुडीची आयआयटी गोवा ही याच मिशनच्या प्रशिक्षण केंद्रांपैकी एक. तिथल्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा, कारण पहिलं पाऊल टाकायला इतकी जवळची जागा दुसरी नाही. दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत असाल, तर ती ज्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेची आहे तिच्या प्रयोगशाळांसाठी बेंगळुरूच्या फोर्थ पॅराडाइम इन्स्टिट्यूटमध्ये वेगळी सोय आहे.

यूट्यूबवर शोधलंत की अमेरिकेतल्या 'अ‍ॅक्सेस' या, संशोधकांना महासंगणक वापरायला देणाऱ्या, योजनेचे व्हिडिओ धो धो येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने जुन्या 'एक्ससीड'ची जागा घेतली. तिथला मुख्य अर्जदार अमेरिकेतल्याच संस्थेचा लागतो, त्यामुळे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. शिकवण्याचं साहित्य मात्र उघडं आहे आणि उत्तम आहे, ते खुशाल वापरा.

आपल्याकडे विद्यार्थ्याला सहसा एकट्याच्या नावावर खातं मिळत नाही. अर्ज मार्गदर्शकाच्या नावाने जातो आणि तुमचं नाव त्याखाली येतं. विभागप्रमुखांची सही लागते. चवथीच्या आठवड्यात सहीचा कागद कुठल्या टेबलावर अडकतो हे गोव्यात सांगायला नको, तेव्हा तारखा बघून अर्ज करा. अर्जात प्रकल्पाचा सारांश, लागणारं सॉफ्टवेअर, साठवणुकीची जागा आणि किती कोअर-तास (एक कोअर, म्हणजे यंत्रातला एक गणक, तासभर चालला की एक कोअर-तास) हवेत, एवढं विचारतात. शेवटच्या रकान्यात बहुतेक जण एखादा मोठा गोल आकडा ठोकून देतात. तपासणारा माणूस असे आकडे रोज पाहतो आणि लगेच ओळखतो.

खातं मिळालं की पोर्टल दिसतं. ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरने बनवलेलं 'ओपन ऑनडिमांड' हे मुक्तस्रोत पोर्टल जगभरच्या केंद्रांत वापरतात, सी-डॅकनेही स्वतःचं पोर्टल बांधलं आहे. दिसायला सगळी एका वळणाची. एकीकडे फायली, एकीकडे जॉब, म्हणजे यंत्रावर लावलेली कामं, आणि एका मेन्यूत ज्युपिटर, आरस्टुडिओ यांसारखी कोड लिहायची साधनं किंवा अख्खा डेस्कटॉप ब्राउझरमध्येच उघडण्याची सोय. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्याची, भीती असलेल्यांना हे वरदान वाटतं आणि ते आहेही. पण पोर्टल म्हणजे यंत्र नव्हे. बटण दाबलंत की मागे आज्ञांची एक फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, तयार होते, ती स्लर्म नावाच्या व्यवस्थापकाकडे जाते आणि तुमचा जॉब शेकडो जणांच्या रांगेत उभा राहतो. ही स्क्रिप्ट पोर्टलवर उघडून वाचता येते. पहिल्याच आठवड्यात वाचा. वरच्या पाच-सहा ओळींतच तुमचं मागणं लिहिलेलं असतं: किती नोड (अनेक कोअर असलेला एकेक संगणक), किती कोअर, किती मेमरी, किती वेळ.

डिचोलीची एक मुलगी माझ्याकडे कधीमधी शंका घेऊन येते. तिने एकदा विचारलं, "ताई, जास्त नोड मागितले तर काम लवकर होईल ना?"

"बाये, आधी तुझी जाळी किती मोठी ते सांग."

तिच्या प्रारूपाची जाळी, म्हणजे पाण्याचा नकाशा ज्या बिंदूंत वाटलेला असतो ती, होती २०० बाय १५०, म्हणजे आडव्या पातळीवर ३०,००० बिंदू. तिला हवे होते चार नोड. एका नोडवर ४८ कोअर, म्हणजे एकूण १९२. रोम्समध्ये जाळीचे चौकोनी तुकडे पाडतात आणि दर कोअरला एक तुकडा देतात. १६ बाय १२ असे तुकडे पाडले की एकेकाच्या वाट्याला साधारण १५६ बिंदू येतात, जेमतेम साडेबारा बाय साडेबारा. पण प्रत्येक तुकड्याला कडेचं पाणी कुठून येतं ते शेजाऱ्याकडून कळावं लागतं. चारही बाजूंना दोन-दोन ओळी उसन्या घेतल्या तर ते शंभरावर बिंदू होतात. घरचे १५६ आणि उसने शंभरावर! कोअरचा निम्मा जन्म निरोपानिरोपीत जातो. इतक्या लहान जाळीला एक नोड पुरतो, कधी अर्धासुद्धा.

हे कागदावर पटलं तरी यंत्रावर मोजून बघावंच लागतं. प्रारूप चालवायची एकच छोटी धाव, समजा प्रारूपातले दोन दिवस, आधी एका नोडवर चालवा, मग दोन, मग चार नोडवर, आणि वेळ लिहून ठेवा. समजा एका नोडवर दहा तास लागले आणि चार नोडवर तीन. तास वाचले खरे, पण नोड-तास, म्हणजे नोड गुणिले तास, दहाचे बारा झाले, आणि तुमच्या खात्यातून हे बारा कापले जाणार. घाई असेल तर ठीक, नसेल तर एकाच नोडवर रात्रभर चालू द्या. हाच तीन ओळींचा तक्ता अर्जाला जोडा. अमुक धाव, इतके नोड-तास, अशा इतक्या धावा, म्हणून एकूण इतके तास. माझ्या मते अर्जातला हा सर्वांत वजनदार भाग आहे. विषय किती थोर आहे हे सांगणारी दोन पानं त्यापुढे फिकी पडतात.

आता वेळेचं. स्क्रिप्टमध्ये जॉबला कमाल किती तास लागतील ते लिहावं लागतं. वेळ संपली की स्लर्म जॉब मारून टाकतो, त्यात दयामाया नाही. म्हणून नवीन माणूस भीतीपोटी मिळेल तितकी वेळ मागतो आणि मग रांगेत ताटकळत बसतो. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट भरताना बघा. मोठ्या गाड्या चढल्या की उरलेल्या फटींत स्कूटर घुसतात आणि मागून आलेला स्कूटरवाला त्याच फेरीत चोडणला पोचतो. स्लर्मही तेच करतो. कुणाच्या वीस नोडांच्या जॉबसाठी एकेक नोड मोकळा होत असतो. सगळे जमेपर्यंतच्या वेळात जो लहान जॉब संपून जाईल, त्याला तो मध्येच सोडतो. पण तुमचा जॉब चार तासांत संपतो हे तुम्ही लिहिलंत तरच त्याला कळणार. चाचणीत लागलेला वेळ आणि वर पाव हिस्सा, एवढं पुरतं. शिवाय प्रारूपाला अधूनमधून रिस्टार्ट फाइल लिहायला सांगा. मग जॉब मेला तरी तिथून पुढे चालवता येतो, आणि एका लांबलचक धावेऐवजी चार छोट्या धावा लावता येतात.

मेमरीची गोष्ट थोडक्यात. कमी मागितली तर जॉब मरतो, जास्त मागितली तर रांग लांबते. बऱ्याच केंद्रांवर 'सेफ' नावाची छोटी आज्ञा असते. संपलेल्या जॉबचा क्रमांक दिला की मागितलेल्यापैकी प्रत्यक्षात किती कोअर आणि किती मेमरी वापरली ते ती टक्क्यांत सांगते. टक्का वीसवर दिसला तर पुढचं मागणं खाली आणा.

पोर्टलवरच्या ज्युपिटर आणि डेस्कटॉपबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. टॅब बंद केला म्हणजे सत्र बंद झालं असं होत नाही. आठ तास मागून दोन तासांत उठलात तर उरलेले सहा तास तो नोड तुमच्या नावावर रिकामा बसतो, तास कापले जातात आणि रांगेतला दुसरा कोणीतरी तिष्ठत राहतो. 'माझी इंटरॅक्टिव्ह सत्रं' असं पान असतं, तिथे जाऊन डिलीट दाबा. जीपीयूच्या, म्हणजे मशीन लर्निंगसारख्या कामांच्या वेगवान चिप्सच्या, नोडवर तर हे विसरूच नका, ते आधीच मोजके. याच्या उलट, लॉगिन नोडवर, म्हणजे आत शिरल्यावर जिथे आपण प्रथम पोचतो तिथे, जड काम चालवायचं नाही. ती जागा सगळ्यांच्या येण्याजाण्याची. तिथे कोणी मोठा हिशेब लावला की सगळ्यांचं टंकन अडखळतं आणि व्यवस्थापकाचा रागीट मेल येतो.

साठवणुकीच्या दोन जागा असतात. 'होम' लहान आणि टिकाऊ, 'स्क्रॅच' मोठी आणि वेगवान. स्क्रॅचमधल्या जुन्या फायली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात आणि त्या परत मिळत नाहीत. मुदत किती ते आपल्या केंद्राच्या माहितीपुस्तिकेत आधी शोधा. काही जीबीच्या वरची फाइल ब्राउझरमधून चढवत बसू नका. आरसिंक या आज्ञेने पाठवा, म्हणजे नेट तुटलं तरी आधी पोचलेल्या फायली पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत. गोव्यात जून-जुलैमध्ये काम केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांना परमची गरज असते असंही नाही. जनुकक्रमांचं काम असेल तर 'गॅलेक्सी'च्या सार्वजनिक सर्व्हरवर फुकट नोंदणी करून ब्राउझरमधूनच विश्लेषण होतं, आज्ञा लिहावी लागत नाही. नॅनो पदार्थ शिकणाऱ्यांसाठी पर्ड्यू विद्यापीठाचं 'नॅनोहब' आहे. बी.एस्सी.ला असाल तर मी हेच आधी सुचवेन. जीपीयू हवे असतील तर इंडियाएआय मिशनचं पोर्टल मार्च २०२५ मध्ये सुरू झालं. पात्र वापरकर्त्यांना तिथे खर्चात ४० टक्क्यांपर्यंत सवलत आहे, पण ते फुकट नाही, तेव्हा मार्गदर्शकाच्या प्रकल्पात पैसे आहेत का ते आधी विचारा.

अडलात तर मदतकक्षाला लिहा, लाजू नका. पण 'सर, जॉब चालत नाही' एवढाच मेल पाठवला तर उत्तरात प्रश्नच येतील. जॉबचा क्रमांक, स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग, त्रुटीच्या फाइलमधल्या शेवटच्या दहा ओळी आणि हाच जॉब आधी कधी चालला होता का, इतकं पहिल्याच मेलमध्ये द्या. पलीकडची माणसं बहुधा हुशार आणि कामाने बेजार असतात. नेमकं विचारलं की नेमकं सांगतात.

आणि शोधनिबंध छापला जाईल तेव्हा आभारांत त्या यंत्राचं आणि मिशनचं नाव घाला. वाक्य कसं असावं ते केंद्रानेच दिलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवा. छापून आलं की त्याची एक प्रत केंद्राला पाठवून द्या. पुढच्या वर्षी तास वाढवून मागताना अर्जात 'या आधीच्या वापरातून काय निघालं' असा रकाना आला, तर तिथे लिहायला काहीतरी हातात असेल.