वणव्याचा धूर आला की मुलांसाठी एक खोली राखा

वणव्याचा धूर पसरला की अख्खं घर बंद करू म्हटलं तरी फटी राहतातच. त्यापेक्षा कमी खिडक्यांची एकच खोली निवडा आणि मुलांना तिथेच खेळू-झोपू द्या.

१. खिडक्या लावा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबून बसवा.
२. एसी असेल तर बाहेरची हवा आत घेणं बंद करा. हेपा फिल्टरचा (सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर असल्यास याच खोलीत, सतत चालू.
३. तळण, मेणबत्ती, सिगारेट घरात कुठेच नको. केर न काढता ओल्या फडक्याने पुसा.

बाहेर जावंच लागलं तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. २ वर्षांखालच्या बाळाला मात्र मास्क कधीच लावू नका. मूल धापा टाकू लागलं तर थेट डॉक्टरकडे.