मूत्राशय काढल्यानंतर रात्री लघवी गळते? या चुका टाळा

कर्करोगामुळे मूत्राशय काढून टाकल्यावर आतड्याच्या तुकड्यापासून पोटात नवे मूत्राशय, म्हणजे निओब्लॅडर, तयार केलेल्या रुग्णांना दिवसाचे नियंत्रण काही महिन्यांत येऊ लागते. रात्रीच्या नियंत्रणाला मात्र वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो आणि काहींना ते पूर्णपणे कधीच येत नाही. ही गोष्ट अनेकांना आधी नीट सांगितली गेलेली नसते. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे रुग्ण मुंबई-पुण्याहून शस्त्रक्रिया करून घरी परतले, की पहिल्याच महिन्यात ओले अंथरूण पाहून शस्त्रक्रिया फसली असे समजू लागतात. बहुतेक वेळा ती फसलेली नसते. फसत असते ते रात्रीचे वेळापत्रक.

पूर्वीचे मूत्राशय भरत आले की त्याच्या भिंतीतून मज्जारज्जूकडे संदेश जात असे आणि गाढ झोपेतही मूत्रमार्ग बंद ठेवणारा स्नायू आपोआप अधिक आवळला जात असे. आतड्यापासून बनवलेल्या पिशवीतून तो संदेश जात नाही, आणि झोपेत तर हा स्नायू सैलच पडतो. शिवाय आतड्याचे अस्तर लघवी घट्ट असली की आपल्याकडचे पाणी तिच्यात सोडते, म्हणून मूत्रपिंडातून आलेल्या लघवीपेक्षा पिशवीतले प्रमाण आणखी वाढते.

म्हणूनच पाणी तोडणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि आपल्याकडे ती सर्रास होते. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘पाणी कमी प्या, म्हणजे रात्री त्रास होणार नाही’ असे आपुलकीने सांगून जातो. जळगाव-भुसावळचा पारा ज्या महिन्यांत 45 अंशांच्या आसपास जातो, त्या महिन्यांत हा सल्ला धोक्याचा आहे. पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते, आतड्याचा चिकट स्राव दाटून मार्गात अडकतो, संसर्गाला वाव मिळतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर दिवसभरात साधारण 2 ते 3 लिटर द्रव पोटात जावे, असेच सहसा सांगितले जाते. बदलायची असते ती वेळ. पाण्याचा मोठा वाटा सकाळपासून सायंकाळी सहापर्यंत संपवावा, त्यानंतर घोट-घोट घ्यावे आणि संध्याकाळचा चहा टाळावा. रात्री नऊ वाजता तिखट, खारट शेवभाजी जेवून अकरा वाजता तांब्याभर पाणी प्यायले, तर पहाटे चादर ओली होणारच. ज्यांना ती सोडवत नाही त्यांनी ती दुपारी खावी आणि रात्रीचे जेवण हलके व लवकर करावे. मीठ मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये, कारण सुरुवातीच्या काळात या पिशवीतून शरीरातले मीठही बाहेर पडते.

दुसरी चूक म्हणजे लघवीची भावना होण्याची वाट पाहत झोपणे. पूर्वीसारखी कळ आता येत नाही. फार तर ओटीपोट जड वाटते, आणि तेही झोपेत कळत नाही. म्हणून गजर लावावाच लागतो. सुरुवातीला दिवसा दर दोन आणि रात्री दर तीन तासांनी, आणि पुढे युरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने अंतर वाढवत चार तासांपर्यंत, असा सर्वसाधारण क्रम असतो. फोन उशाशी ठेवला तर तो अर्धवट झोपेत बंद केला जातो, म्हणून तो उठून चार पावले चालावे लागेल अशा जागी ठेवावा. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात बाजेवर झोपणाऱ्यांनी लघवीचे भांडे आणि बॅटरी हाताशी ठेवावी, कारण अंधारात जिना उतरेपर्यंत उशीर होतो आणि पडण्याचीही भीती असते.

याउलट काही जण गळतीच्या धास्तीने दिवसभर तासातासाला लघवीला जातात. अशाने पिशवीला ताणच मिळत नाही, तिची क्षमता वाढत नाही आणि रात्र आणखी कठीण होते. दिवसा अंतर हळूहळू वाढवून खुणा असलेल्या भांड्यात माप घ्यावे आणि ते वहीत लिहावे; 400 ते 500 मिलिलिटर हे साधारण लक्ष्य असते. तेथे पोहोचल्यावर मात्र थांबावे. गजराशिवाय सलग सात तास झोपता येते याचा आनंद मानू नये, कारण पिशवी प्रमाणाबाहेर ताणली गेली की ती पूर्ण रिकामी होणे बंद होते आणि शिल्लक राहिलेली लघवी उतू जाऊ लागते. अशी गळती गजराने थांबत नाही. सोनोग्राफीत लघवी झाल्यानंतरची शिल्लक मोजली की ती लक्षात येते, आणि मग स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची बारीक नळी, घालून पिशवी रिकामी करण्याचे तंत्र शिकावे लागते.

रिकामे करण्याची घाईही तितकीच नडते. पुरुषांनीसुद्धा बसावे, खालचे स्नायू आधी सैल सोडावेत, थोडे पुढे वाकून पोटाने हलका जोर द्यावा आणि धार थांबल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम चालू ठेवावेत, पण त्यांचा लाभ रात्रीपेक्षा दिवसा अधिक दिसतो, हे जाणून असावे.

अंथरुणाविषयी एक साधी सोय सांगावीशी वाटते. मेणकापड, त्यावर सुती चादर, पुन्हा मेणकापड आणि पुन्हा सुती चादर असे दोन थर घालावेत. रात्री वरचा थर ओला झाला तर तो ओढून काढला की खाली कोरडे अंथरूण तयार असते, आणि सोबत झोपणाऱ्या माणसाला अपरात्री गोधड्या उपसाव्या लागत नाहीत. धुळ्याच्या थंडीत लघवीचे प्रमाण वाढते आणि गोधडी वाळायला वेळ लागतो, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते. पुरुषांना कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर बाहेरून चढवायचे नळी जोडलेले आवरण, वापरता येतो. तो योग्य मापाचा असावा आणि रोज सकाळी काढून त्वचा पाहावी.

औषधांच्या बाबतीत दुसऱ्याच्या चिठ्ठीवर जाऊ नये. झोपेच्या गोळीने गजर ऐकू येत नाही, आणि रात्रीची लघवी कमी करणाऱ्या गोळीने विशेषतः वयस्कांच्या रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. थकवा, मळमळ, अन्नावरची वासना जाणे हे पित्त समजून अंगावर काढू नये. नव्या पिशवीतून आम्ल रक्तात शोषले जाते म्हणूनही असे होते, आणि सोड्याच्या गोळ्या दिलेल्या असतात त्या त्याचसाठी. त्या स्वतःहून बंद करू नयेत.

कोरड्या जाऊ लागलेल्या रात्री अचानक पुन्हा ओल्या होऊ लागल्या, तर आधी लघवीची तपासणी करावी. थंडी वाजून ताप येणे, कुशीत दुखणे, किंवा पोट फुगलेले असून लघवीच न होणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तालुक्याच्या गावी रात्रपाळीला असणाऱ्या डॉक्टरांना ही शस्त्रक्रिया क्वचितच पाहायला मिळते, म्हणून आतड्याचे मूत्राशय बसवलेले आहे हे कॅथेटर घालण्याआधी सांगावे आणि डिस्चार्ज कार्डाची एक प्रत सदैव जवळ ठेवावी.