फिरत्या चकतीचा भ्रम दिसत नाही? या चुका टाळा

फिरत्या चकतीवरच्या स्पायरलकडे (केंद्रापासून वळत जाणाऱ्या रेघेकडे) अर्धा मिनिट एकटक पाहायचं आणि लगेच नजर स्वतःच्या तळहातावर आणायची. हात फुगतोय किंवा आक्रसतोय असं वाटू लागतं. विज्ञान प्रदर्शनात गर्दी खेचणारा प्रयोग, पण फसतोही तितकाच. दोष बहुतेक वेळा वेगाचा असतो.

खेळण्यातली डीसी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. त्या वेगाला काळं-पांढरं मिसळून नुसता करडा रंग उरतो. जी गती दिसलीच नाही, तिला मेंदू सरावणार कसा? स्पायरलला मिनिटाला ४०-६० फेरे पुष्कळ झाले. दुकानात ६० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांची) गिअर मोटर मागा. टेबल फॅनला पुठ्ठा चिकटवायचा उद्योग मात्र नको.

कंपास घेऊन एकात एक वर्तुळं काढणारेही बरेच. ती कितीही फिरवा, जागची हलत नाहीत. केंद्रापासून बाहेर वळत जाणारी एकच सलग रेघ हवी. मध्यावर ७ मिमी जाडीचा दांडा उभा धरा, त्याला दोरा गुंडाळा, मोकळ्या टोकाला पेन्सिल बांधा आणि दोरा ताणून उलगडत न्या. वेटोळ्यांत साधारण २२ मिमी अंतर पडतं. त्यातलं निम्मं काळं रंगवा. २० सेंमीच्या चकतीला हे माप छान बसतं.

केंद्रात ठळक ठिपका द्या आणि नजर तिथेच ठेवायला सांगा. डोळे रेघेमागे पळाले की परिणाम फिका पडतो. नंतर पाहायला कोरी पांढरी भिंतही नको. वर्तमानपत्राचं पान किंवा खरबरीत भिंत बरी.

आणि हो, ‘डोळे थकतात म्हणून असं दिसतं’ हे स्पष्टीकरण अपुरं आहे. एका डोळ्याने चकती पाहा, मग तो झाकून दुसऱ्याने हात पाहा. भास थोडा कमी, पण होतोच. म्हणजे दोन्ही डोळ्यांची माहिती जिथे एकत्र येते, त्या मेंदूच्या भागातही काही घडतंय. एका दिशेच्या गतीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मंदावतात आणि पारडं उलट दिशेला झुकतं. रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याचं असंच वर्णन केलं होतं: पाण्यावरून नजर हटवल्यावर शेजारचे खडक वर सरकताना दिसले.

बेनहॅमची चकती (१८९४) हा दुसरा भ्रम: फिरली की काळ्या-पांढऱ्या नक्षीतून फिकट रंग दिसतात. तिला हीच मोटर लावाल तर निराशा होईल. रंग दिसायला तिला सेकंदाला ५ ते १० फेरे लागतात. स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि भलतेच आकार दाखवतो, म्हणून ती दिवसाच्या उजेडात फिरवा. मोबाइलवर शूट करून दाखवू नका. सेकंदाला ३० फ्रेममध्ये एका फेऱ्याचे जेमतेम तीन ते सहा तुकडे येतात. मुलांना ‘लाल दिसतोय ना?’ असं विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील, ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारा, रंग माणसागणिक वेगळे सांगितले जातात. ही चकती लुकलुकते, त्यामुळे फिट येणाऱ्यांना ती दाखवू नका.