पानांची शीर्षकं आणि पत्ते मराठीत नेण्याआधीची तयारी

बाजारभाव दाखवणारं एक वेबॲप इंग्रजीतून मराठीत आणायचं आहे असं धरून ही यादी लिहितो आहे. तसं काम मी केलं आहे, त्यामुळे उदाहरणं हाताशी आहेत. बटणं, सूचना, फॉर्म यांचं भाषांतर पुढेही सुधारता येतं, शीर्षकही सुधारता येतं. पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मात्र एकदा व्हॉट्सॲपच्या शंभर गटांत गेला की बदलायला आपल्या हातात राहत नाही. म्हणून कोडला हात लावण्याआधी यातलं बरंचसं काम कागदावर उरकून घ्या.

सुरुवात तक्त्यापासून. एका ओळीत एक पान घ्या. त्याचा आजचा इंग्रजी पत्ता, कोडमधलं रूटचं (पत्ता कोणत्या पानाकडे जातो ते ठरवणाऱ्या नोंदीचं) नाव, टॅबवर दिसणारं शीर्षक, पानावरचा मोठा मथळा लिहा, आणि माणूस त्या पानावर कशासाठी येतो ते एका वाक्यात लिहा. हा शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, तरी भरा. भाषांतर करणाऱ्याला पीओ फाईलमध्ये, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांची भाषांतरं ठेवलेल्या फाईलमध्ये, नुसतं ‘मार्केट’ दिसतं. ते बाजार, बाजारपेठ की बाजार समिती, हे त्याला कुठून कळणार? गेटटेक्स्टमध्ये, म्हणजे या फाईली वापरणाऱ्या भाषांतराच्या साधनात, अशा शब्दाला संदर्भ जोडायची सोय आहे, ती वापरा.

त्याच तक्त्याशेजारी शब्दांची यादी पक्की करा, आणि ती शब्दकोशातून नव्हे तर बाजार समितीच्या आवारातून आणा. ‘मोडल प्राइस’चं भाषांतर गणिताच्या पुस्तकाप्रमाणे ‘बहुलक किंमत’ होईल, पण शेतकरी ज्या तक्त्याकडे बघतो तिथे ‘सर्वसाधारण दर’ असतो. त्याच्या शेजारी ‘कमीत कमी दर’, ‘जास्तीत जास्त दर’ आणि ‘आवक’. हेच शब्द शीर्षकात यायला हवेत, कारण लोक शोधताना हेच लिहितात.

आता शीर्षकांचे साचे. मराठीकरण सगळ्यात जास्त इथेच फसतं, म्हणून इथे सावकाश जा. इंग्रजी साच्यात शेतमालाचं नाव आणि बाजाराचं नाव यांसाठी दोन रिकाम्या जागा असतात आणि काहीही भरलं तरी वाक्य उभं राहतं. मराठीत तसं केलं की ‘हरभरा चे सातारा मधील भाव’ तयार होतं. कोणीही मराठी माणूस असं बोलत नाही. शब्दाचं सामान्यरूप व्हायला हवं: हरभऱ्याचे, साताऱ्यातले. कांदा कांद्याचा होतो, तूर तुरीची, मूग मुगाचा, ऊस उसाचा. सोयाबीन मात्र तसंच राहतं. पुणे पुण्याचं होतं, धुळे धुळ्याचं, आणि लासलगावला फक्त प्रत्यय लागतो. नियम लिहून कोडकडून हे करून घेण्याचा मोह होतो. मी तो प्रयत्न केला आणि अपवादांतच अडकलो. महाराष्ट्रात बाजार समित्या तीनशेच्या आसपास आहेत, शेतमालाची नावंही मोजता येण्याइतकी. डेटाबेसमध्ये ‘सामान्यरूप’ नावाचा एक रकाना वाढवा आणि चांगलं मराठी लिहिणाऱ्या माणसाकडून तो हातानं भरून घ्या. दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि ते कायमचं होतं. मग पानावरचा मथळा ‘लासलगावातले कांद्याचे आजचे भाव’ असा सरळ येतो. टॅबसाठी मात्र मी प्रत्यय टाळतो आणि ‘कांदा, लासलगाव: आजचे भाव’ असं लिहितो. टॅबवर पहिली काहीच अक्षरं दिसतात, तेव्हा वेगळेपण आधी आणि ॲपचं नाव अगदी शेवटी.

इथेच एक बारीक तपासणी करून घ्या. मराठी कळफलकावर अपूर्णविरामाच्या जागी बऱ्याचदा विसर्ग टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण विसर्ग आधीच्या अक्षराला चिकटतो आणि शोधताना शब्द सापडत नाही. संख्येची रूपंही साच्यात वेगळी ठेवा. ‘१ नोंद सापडली’ आणि ‘५ नोंदी सापडल्या’ यांत नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात.

मग पत्ते. देवनागरीत ठेवायचे की रोमन लिपीत, हा निर्णय गणित मांडून घ्या. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं, आणि काना, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘बाजारभाव’ ७२ अक्षरांचा होतो, ‘कांदा’ ४५, ‘लासलगाव’ ६३. तिरप्या रेषा धरून हा पत्ता १८३ अक्षरांवर जातो, आणि त्यात अजून डोमेन आलेलं नाही. ब्राउझरच्या पट्टीत तो छान मराठीत दिसतो. कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बहुधा टक्क्यांची माळ होते. एसएमएसमध्ये एकही मराठी अक्षर असलं तर एका संदेशाची मर्यादा १६० वरून ७० वर येते, तिथे टक्क्यांच्या रूपातला हा पत्ता एका संदेशात बसणं शक्यच नाही. वर्डप्रेस वापरत असाल तर आणखी जपा. तिथे स्लग, म्हणजे पत्त्यातला पानाच्या नावाचा तुकडा, टक्क्यांच्या रूपात साठवला जातो आणि २०० अक्षरांवर कापला जातो, म्हणजे जेमतेम २२ मराठी चिन्हं.

इतकं असूनही माझं मत देवनागरीच्या बाजूनं आहे. रोमनमध्ये ‘बाजारभाव’ लिहिताना जे घ्यायचा की झेड, ए एक की दोन, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. देवनागरीत शब्द एकाच पद्धतीनं लिहिला जातो आणि वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. सार्वजनिक पानांचे पत्ते मराठीत ठेवा, शब्द थोडके ठेवा, आणि एसएमएससाठी नुसत्या क्रमांकाचा वेगळा छोटा पत्ता द्या. क्रमांक नेहमी इंग्रजी अंकांत. एपीआयच्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी माहिती घ्यायच्या, पत्त्यांना हात लावू नका.

‘एकाच पद्धतीनं’ हे मात्र आपोआप होत नाही. ‘हरभऱ्याचे’ मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झीरो-विड्थ जॉइनर) घेऊन. ‘ॲपल बोर’ मधला ॲ एकसंध अक्षर असू शकतो किंवा अ वर चंद्र दिलेला. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं ठरलेलं एनएफसी प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. म्हणून तुमचं स्वतःचं छोटं फंक्शन लिहा. आधी एनएफसी करा, मग र, हलन्त आणि जोडक यांचं ऱ्‌ करा, चंद्रवाल्या अ चा ॲ करा आणि उरलेले अदृश्य जोडक काढून टाका. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा तेच फंक्शन चालवा.

जँगो ही पायथनमधली वेबॲपची चौकट वापरणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी. शब्दापासून स्लग बनवणाऱ्या स्लगिफाय फंक्शनला युनिकोडची परवानगी दिली तरी ते काना-मात्रा-वेलांट्या गाळतं, कारण पायथनच्या लेखी ती अक्षरं नव्हेत. ‘कांदा’चं ‘कद’ होतं आणि ‘ज्वारी’चं ‘जवर’. रूटमधला स्लग कन्व्हर्टर (पत्त्यातला तुकडा ओळखणारा भाग) फक्त रोमन अक्षरं, अंक, जोडरेघ आणि अधोरेघ घेतो, तेव्हा स्वतःचा कन्व्हर्टर लिहावा लागेल. तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. रूटचे शब्द पीओ फाईलमध्ये असतात, आणि कोणी मूळ इंग्रजी शब्द जरासा बदलला की ती नोंद ‘फझी’ (अनिश्चित) ठरून संकलनातून गळते. एकही त्रुटी न दाखवता मराठी पत्ता इंग्रजीवर जातो आणि जुनी लिंक मरते. यासाठी सगळे मराठी पत्ते जसेच्या तसे लिहिलेली एक चाचणी आधीच तयार ठेवा, आणि ती नापास झाली तर नवी आवृत्ती चढवू नका.

जुन्या पत्त्यांचा बंदोबस्त त्याच तक्त्यातून होतो. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं, म्हणजे ३०१ चं वळण. मराठी उपसर्गाखाली (पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘एमआर’खाली) इंग्रजी शब्द टाकला तर जँगो ४०४ (पान सापडलं नाही) देतं, तिथलीही वळणं लिहा. भाषा बदलण्याच्या बटणानं मुख्यपानावर फेकू नये, त्याच पानाच्या दुसऱ्या रूपावर न्यावं; शेतमालाचं नाव डेटाबेसमधून येत असेल तर ते जँगो आपणहून बदलत नाही. साइटमॅप (शोधयंत्रांसाठीची पानांची यादी) आणि एचरेफलँगच्या (पानाचं दुसऱ्या भाषेतलं रूप सांगणाऱ्या) खुणा त्याच दिवशी बदला.

पानाच्या मुळाशी भाषेची खूण ‘एमआर’ आहे ना, तेही बघा. ती नसेल तर स्क्रीन रीडर मराठी भलत्याच उच्चारात वाचतो, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यांतही हिंदी वळणाचे दिसतात. पान पूर्ण लोड न होता आतल्या आत बदलत असेल तर शीर्षक दर वेळी बदलतं का, हे डोळे मिटून, स्क्रीन रीडरवर ऐकून तपासा.

शेवटची तपासणी साध्या अँड्रॉइड फोनवर. जुन्या गटांतल्या वर्षभरापूर्वीच्या लिंका शोधा आणि एकेक दाबून बघा. ‘हरभऱ्याचे’ दोन्ही प्रकारच्या ऱ्य नं टाइप करून शोधा. एक पत्ता कॉपी करून स्वतःला एसएमएस करा, तो अर्ध्यात तुटतो का ते बघा, आणि जे तुटलं ते तक्त्यात त्याच ओळीसमोर लिहून ठेवा.