मिल्कवीडचं बी रुजत नाही? आधी फ्रिजमध्ये ठेवा

अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीडची रोपं लावताना पहिली अडचण येते ती बियांची. पाकिटातलं बी थेट कुंडीत टाकलं तर बरंचसं रुजतच नाही. त्याला आधी ओलाव्यात थंडी लागते, आणि ती घरच्या फ्रिजमध्ये सहज देता येते.

१. पेपर टॉवेल ओला करून घट्ट पिळा. दाबल्यावर थेंब पडता कामा नये, नाहीतर बुरशी धरते.
२. बिया सुट्या पसरा, घडी घालून झिपलॉक पिशवीत ठेवा. वर तारीख लिहा.
३. साधारण ३० दिवस फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे. मधूनमधून टॉवेल वाळला नाही ना, ते बघा.
४. मग अर्धा सेंटिमीटर खोल पेरून भरपूर उन्हात ठेवा.

कुंडीसाठी स्वॅम्प मिल्कवीड ही जात घ्या; कॉमन मिल्कवीड या जातीची मुळं जमिनीखाली दूरवर पसरतात. पानं कुरतडलेली दिसली तर आनंद माना, मोनार्कच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्यांना दुसरं काही चालतच नाही.

देठ तोडल्यावर आपल्या रुईसारखाच पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून हातमोजे घाला.