एकाच लाचप्रकरणात विभागीय चौकशी आणि खटला: दोन्ही फायली कशा सांभाळाव्यात

ठाण्यात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा पडला की कर्मचाऱ्यामागे दोन गोष्टी लागतात. एक सत्र न्यायालयातला खटला, दुसरी कार्यालयातली विभागीय चौकशी. 'कोर्टाचा निकाल लागेपर्यंत चौकशी थांबेल' हा सल्ला कॅन्टीनमध्ये फुकट मिळतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आधी आपले नियम कोणते ते पाहा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू होतात आणि दाद मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मागायची. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे वेगळे नियम आहेत. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्याच्या शिक्षेचा आधार 1949 च्या महापालिका अधिनियमाचे कलम 56. मॅटचा अधिकार त्याच्यावर चालत नाही, त्यामुळे त्याने तिथे अर्ज केला तर महिने वाया जातात.

अटक होऊन 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की 1979 च्या नियमांनुसार अटकेच्या तारखेपासून निलंबन मानले जाते. निर्वाह भत्ता सुरुवातीला अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका. 'अन्यत्र नोकरी-धंदा करत नाही' असे प्रमाणपत्र दर महिन्याला पोहोच घेऊन द्या. ते राहिले की भत्ता अडतो आणि दोष कर्मचाऱ्याच्याच माथी येतो.

चौकशीला स्थगिती हवी असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या पॉल अँथनी निकालाची कसोटी लागते: दोन्हीकडचे आरोप एकाच घटनेतले आणि एकाच पुराव्यावरचे हवेत, गुन्हा गंभीर हवा, वस्तुस्थिती व कायद्याचे प्रश्न गुंतागुंतीचे हवेत. नुसते 'साक्षीदार तेच आहेत' एवढ्यावर भागत नाही. शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करताना तीन रकाने आखा: आरोप, साक्षीदार, कागदपत्र. पोलिसांचे आरोपपत्र आणि विभागाचे दोषारोप समोरासमोर मांडा. तरीही अडचण राहते, कारण विभाग अनेकदा आरोप वर्तणूक नियम 3 वर, म्हणजे सचोटीच्या अभावावर, बेततो आणि मग 'आरोप वेगळा' असे उत्तर येते. स्थगिती मिळाली तरी ती कायमची नसते. खटला रखडला तर चौकशी पुन्हा सुरू करता येते, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून खरी मेहनत बचावाच्या निवेदनावर करा. फौजदारी वकिलाने वाचल्याशिवाय ते देऊ नका. घटनाक्रमाचा सविस्तर खुलासा लिहिला की त्याची प्रत सरकारी पक्षापर्यंत पोहोचू शकते आणि उलटतपासणीत ठेवलेला मुद्दा आधीच उघडा पडतो. आरोप परिच्छेदनिहाय नाकारा, कागदपत्रे आणि साक्षीदारांची मागणी त्यातच नोंदवा, 'फौजदारी खटला प्रलंबित असल्याने सविस्तर बचाव राखून ठेवत आहे' असे स्पष्ट लिहा. मूळ कागद न्यायालयात जमा असतील तर प्रमाणित प्रती घ्या. खटल्याच्या कागदांच्या प्रती आरोपीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 खाली मिळतातच.

गप्प राहण्याची मुभा म्हणजे गैरहजर राहण्याची मुभा नव्हे. तारखेला न गेल्यास चौकशी एकतर्फी होते. बचाव सहायक, म्हणजे चौकशीत आपली बाजू मांडायला मदत करणारा, घ्या. वकील सहसा सादरकर्ता अधिकारी (विभागाची बाजू मांडणारा) स्वतः वकील असेल तर किंवा प्राधिकाऱ्याने परवानगी दिली तरच मिळतो. तक्रारदार किंवा पंच चौकशीत आधी बोलला, तर त्या जबाबाची प्रत जपून ठेवा. खटल्यात तो फिरला की भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 148 खाली तोच जबाब त्याच्यासमोर ठेवता येतो. उलट बाजूही आहे: चौकशीत विचारलेले प्रश्न पुढे खटल्यातल्या साक्षीदाराला तयार करतात. त्यामुळे तिथे सगळे विचारू नका. रोजनाम्यावर (चौकशीच्या रोजच्या नोंदीवर) सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा.

चौकशीत संभाव्यतेच्या तोलावर, म्हणजे कोणती बाजू अधिक शक्य वाटते यावर, दोष सिद्ध होतो, खटल्यात वाजवी संशयापलीकडे पुरावा लागतो. त्यामुळे संशयाचा फायदा मिळून सुटलात म्हणून बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. चौकशी अहवालाची प्रत मिळून त्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या करुणाकर निकालाने पक्का केला आहे. तो सोडू नका.

दोषसिद्धी झाली तर गणितच बदलते. 1979 च्या शिस्त व अपील नियमांतला नियम 13 आणि राज्यघटनेच्या कलम 311(2) च्या परंतुकानुसार चौकशीशिवाय बडतर्फ करता येते. अपिलात फक्त शिक्षेला स्थगिती मिळाली तर पुरत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती लागते, आणि भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत ती क्वचितच मिळते. निवृत्ती जवळ आलेल्यांनी 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतले 27 आणि 130 आधी वाचावेत: प्रकरण चालू असेपर्यंत तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र अडून राहते.