सीलरचा डबा उघडण्याआधीचे तीन दिवस

अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी फरशीच्या कामात शिरलो तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा आता मिस्त्री होणार. तसं काही झालं नाही. मिस्त्री फरशी बसवून, सांधे भरून निघून गेला की माझं काम सुरू होतं. दगडाला आणि ग्राउटला, म्हणजे सांध्यांत भरलेल्या मसाल्याला, सीलर मारायचा. सीलर म्हणजे पाणी परतवणारं द्रव्य. नाशिकमध्ये बाथरूमला कोटा, जैसलमेर, संगमरवर लावायची हौस गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे, पण त्या दगडाला पुढे काय लागतं हे फारसं कोणी सांगत नाही. ह्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

पहिलं स्वतंत्र काम इंदिरानगरच्या एका काकूंकडे होतं. महिना ऑगस्ट. हिरवट कोटा, सांधे दोनच दिवसांपूर्वी भरलेले. फरशी हाताला कोरडी लागत होती. मी दोन तास पंखा लावला, सीलर ओतला, फडक्याने गोल गोल पसरवला आणि पैसे घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अरे, फरशी पुसायची राहिली का तुझी? साबण वाळल्यासारखं दिसतंय." जाऊन बघतो तर दारापासून कमोडपर्यंत पांढरट धूसर पट्टे. माझ्या हाताने फडकं जसं फिरलं होतं, ते प्रत्येक वेटोळं मोजता येत होतं.

झालं असं होतं. दगडात शिरणारा सीलर बारीक छिद्रांतून आत जातो आणि आतल्या बाजूने पाणी परतवतो. छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असली तर त्याला जायला जागा नसते, मग तो वरच बसतो आणि वाळतो. त्यात मी जास्तीचा सीलर पुसलाच नव्हता. जितका थर जाड तितकं काम पक्कं, असा माझा समज! तोच सीलर पुन्हा पातळ लावला की वाळलेला थर सुटतो आणि लगेच पुसून काढता येतो, हे मला एका जुन्या पॉलिशवाल्या मामांनी सांगितलं. अर्धा दिवस गुडघ्यावर बसून पुसत होतो. काकूंनी दोनदा चहा दिला, पण जवळ बसून लक्षही ठेवलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. सिमेंटचा ग्राउट भरल्यावर किमान तीन दिवस थांबायचं, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि डब्यावर लिहिलेली मुदत त्याहून मोठी असेल तर तीच पाळायची. फरशी आतून कोरडी आहे का ते बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवतो. सकाळी प्लास्टिकच्या आत दव धरलं असेल तर सरळ घरी. गिऱ्हाईक कुरकुर करतं, करू द्या. नानी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, भोवतालची जागा सगळ्यात उशिरा वाळते, प्लास्टिक तिथेच लावा.

दगड ओळखणं हे दुसरं मोठं काम. कोटा, शहाबाद, जैसलमेर हे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातीतला. यांना आम्ल चालत नाही. उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून पाच मिनिटांनी पुसा. चकाकी गेली, तो भाग निस्तेज दिसला, तर समजा चुनखडी. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. आपला इथला काळा पाषाण, ज्यात पांडवलेणी कोरली आहेत, तोही लिंबाला दाद देत नाही. पंचवटीत जुन्या वाड्याच्या नहाणीत असा दगड असतो आणि मालक विचारतात, सीलर मारायचा का? आधी पाण्याचे दोन थेंब टाका. दहा-पंधरा मिनिटांत दगड खाली काळवंडला तर तो पाणी पितो आहे. थेंब तसाच गोल बसून राहिला तर सीलरचे पैसे घेऊ नका.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगून टाका: सीलरने डाग पडायला वेळ लागतो, म्हणजे पुसायला सवड मिळते. आम्लाने जाणारी चकाकी त्याने वाचत नाही. आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली असेल तर सीलर हा त्यावरचा इलाज नव्हे. ती गळती वॉटरप्रूफिंगची किंवा पाइपाची असते. मला महिन्यातून एखादा तरी फोन याच कामासाठी येतो आणि मी नाही म्हणतो. एकदा हो म्हणालो होतो, ते सांगण्यासारखं नाही.

डाग आधी काढायचे, सीलर नंतर, नाहीतर डागच आत कोंडला जातो. लग्नघरातलं एक काम आठवतं. हळद लागल्यावर नवरीने आंघोळ केली आणि पांढऱ्या संगमरवरावर लालसर-तपकिरी ठिपके उमटले. घरच्यांना वाटलं, कुंकू सांडलं. हळद साबणाला लागली की लाल होते, एवढंच. हळद उन्हात फिकी पडते, पण बाथरूममध्ये ऊन आणणार कुठून? चायना क्लेची, म्हणजे पांढऱ्या मातीची, पावडर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये (डाग फिका करणारं द्रव) श्रीखंडाइतकी घट्ट कालवली, ठिपक्यांवर बोटभर जाड थापली, वर प्लास्टिक लावून एक दिवस ठेवली, मग प्लास्टिक काढून पूर्ण वाळू दिली. दोनदा केल्यावर नीट बघणाऱ्यालाच दिसेल इतका डाग उरला.

प्रत्यक्ष मारायचं काम तासाभराचं. नळ, शॉवर, काच यांना मास्किंग टेप. फरशीवर एका वेळी हात पोचेल तेवढाच भाग, डब्यावर लिहिलेली मिनिटं झाली की जास्तीचा सीलर जुन्या सुती धोतराच्या फडक्याने कोरडा करायचा. सांध्यांना बारीक ब्रश. एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचा, असेल तर त्याला सीलर लागत नाही, तो सोडून द्या. कोपऱ्यांत सिलिकॉन भरायचं असेल तर सीलरच्या आधी भरा, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चुनखडीच्या दगडाला लावू नका. न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारं, मागा, दुकानदार दुसरंच पुढे करतो.

सॉल्व्हंटचा सीलर असेल, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या, पेट घेणाऱ्या द्रवातला, तर गॅस गीझर सिलिंडरपासून बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्टचं बटण आधीच ठरवून ठेवायचं, मध्येच चालू-बंद नको, ठिणगी पडू शकते. धुळीचा मास्क वाफेला उपयोगी नाही, वाफ शोषणाऱ्या डब्या लावलेला कार्ट्रिजवाला घ्या. माझं डोकं दोन दिवस दुखलं होतं.

भाव सांगताना नवा माणूस फक्त जमीन मोजतो. पाच बाय आठचं बाथरूम म्हणजे जमीन 40 चौरस फूट, पण सात फुटांपर्यंत भिंती 182 चौरस फूट. दार वजा केलं तरी जमिनीच्या चौपट. मी पहिली दोन कामं जमिनीच्या भावात केली.

शेवटी सूचना द्यायच्या. त्या आपण मालकाला देतो, पण बाथरूम धुतात कामाच्या मावशी. अ‍ॅसिडची बाटली त्यांच्या हातात असते, वर कधी ब्लीचही ओततात, ज्यातून घातक वायू निघतो. म्हणून मी मावशींना थांबवून सांगतो. गंगापूर रोडला एक मावशी म्हणाल्या, "अ‍ॅसिड नको म्हणता, मग फरशी पांढरी कशी व्हायची?" मी खिशातला कोट्याचा तुकडा काढला, खिडकीत ठेवून त्यावर त्यांच्याच बाटलीतला थेंब सोडला. फस्स करून बुडबुडे आले. त्या वाकून बघत राहिल्या. मग बाटलीचं झाकण घट्ट लावत म्हणाल्या, "मग मागच्या घरी मी चार वर्षं काय घासत होते?"